आधी राहण्याचा हक्क, मग दुकानाची पाटी

आलेलं पत्र, थोडक्यात:

"मॅडम, माझा मुलगा पंचवीस वर्षांचा आहे. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमधून फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. झाला. दोन वर्षं झाली, बुटीबोरीच्या एका मसाला कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आता म्हणून राहिला की नोकरी सोडतो आणि युरोपात जाऊन सावजी जेवणाचं छोटं दुकान टाकतो, सोबत आपला मसाला आणि संत्रा बर्फी. साडेचार हजार युरो लावले की नेदरलँड्समध्ये धंदा करून राहता येते, असा व्हिडिओ त्यानं पाहिला. ते नाही जमलं तर जर्मनी, नाहीतर दुबई. एक एजंट सहा लाख मागतो, म्हणतो बिझनेस व्हिसा पक्का. यांच्या निवृत्तीचे बावीस लाख एफडीत आहेत आणि बेसा रोडला एक प्लॉट आहे. मुलगा म्हणतो प्लॉट गहाण ठेवू. हे चिडले, तेव्हापासून दोघं एका ताटावर बसत नाहीत. त्याला अडवू की जाऊ देऊ?
– एक आई, मानेवाडा"

ताई,

सगळ्यात आधी एक काम करा. त्या एजंटला सध्या एक रुपयाही देऊ नका, इसार म्हणूनही नाही. बाकीचं सावकाश बोलू.

तो ज्याला बिझनेस व्हिसा म्हणतो, ते नेमकं काय असतं हे मुलालाही वाचून दाखवा. युरोपातल्या शेंगेन देशांचा बिझनेस व्हिसा म्हणजे कामानिमित्त जाऊन येण्याची परवानगी. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. तेवढ्यात गिऱ्हाइकाला भेटा, प्रदर्शन पाहा, करार करा आणि परत या. त्यावर गाळा भाड्यानं घेऊन गल्ल्यावर बसता येत नाही. एजंट कदाचित तो व्हिसा खरंच मिळवून देईल. पण तुमच्या मुलाला जे हवंय ते त्यात नाही, आणि नावावरून मात्र आपल्याला वाटतं की आहे. 'पक्का' हा शब्द तर कुठल्याच एजंटला वापरता येत नाही, कारण निर्णय वकिलातीचा असतो.

आता साडेचार हजार युरोंचा व्हिडिओ. त्यात सांगितलेलं बहुधा खरंच असेल, पण ते अमेरिकन माणसासाठी आहे. अमेरिका आणि नेदरलँड्स यांच्यात १९५६ साली मैत्रीचा करार झाला. त्याच्या आधारावर अमेरिकन नागरिक साडेचार हजार युरोंचं भांडवल दाखवून तिथे धंद्यासाठी राहण्याचा परवाना मागू शकतो. आपला तसा करार नाही. भारतीय माणूस तिथे स्वतःचा धंदा करायला निघाला तर त्याला गुण देऊन पारखतात: त्याचा अनुभव काय, धंद्याचा आराखडा कसा, आणि या धंद्यातून नेदरलँड्सला काय मिळणार. छोट्या खानावळीला या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणं फार जड जातं. नव्या कल्पनेवरच्या स्टार्टअपसाठी एक वर्षाचा वेगळा परवाना आहे, पण त्याला तिथल्या सरकारनं मान्य केलेला मार्गदर्शक पाठीशी लागतो. अमेरिकेतही लहान गुंतवणूक करून धंदा चालवण्याचा 'ई-टू' व्हिसा आहे, तोही करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. मुलाला माझा निरोप द्या की, असा कुठलाही व्हिडिओ पाहताना बोलणाऱ्याच्या खिशात कुठल्या देशाचा पासपोर्ट आहे, हे आधी शोध.

यातलीच दुसरी गल्लत मला सर्वांत जास्त मुलांमध्ये दिसते. कंपनी काढता आली म्हणजे तिथे राहता आलं, असं ते धरून चालतात. नागपुरात बसून ब्रिटनमध्ये कंपनी नोंदवता येते. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढायला तिथे जावंसुद्धा लागत नाही. एस्टोनियानं २०१४ पासून ई-रेसिडेन्सी, म्हणजे परदेशी माणसासाठीचं डिजिटल ओळखपत्र, सुरू केली. तिच्या नावातच रेसिडेन्सी आहे, तरी तिच्यानं एस्टोनियात एक दिवसही जास्त राहता येत नाही. कंपनीचा कागद एका कार्यालयातून मिळतो, राहण्याचा परवाना दुसऱ्याच कार्यालयातून, आणि पहिलं कार्यालय दुसऱ्याला काही विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला होता. लंडनमध्ये जेवणाचे डबे पुरवायला काढलेल्या कंपनीचा नोंदणी दाखला त्यानं फ्रेम करून आणला होता. वेबसाइट, लोगो, डब्यांचं डिझाइन, सगळं तयार. पैसे घेऊन ते करून देणाऱ्यानं त्याला एकदाही विचारलं नव्हतं की तू तिथे कुठल्या व्हिसावर राहणार. पाहुणा म्हणून गेलेल्याला तिथे डबे विकता येत नाहीत. ब्रिटनचा धंदा काढणाऱ्यांसाठीचा जो व्हिसा आहे, इनोव्हेटर फाउंडर, त्याला मान्यताप्राप्त संस्थेचं पाठबळ लागतं. कल्पना नवी, चालणारी आणि वाढू शकणारी आहे, हे त्या संस्थेला पटावं लागतं. डब्यांच्या व्यवसायात तिला नवं काय दिसणार? वडिलांचे पैसे गेल्याचं दुःख त्याला होतंच, पण त्याहून जास्त, आपल्याला साधा प्रश्न सुचला नाही याची लाज वाटत होती. वर्षभर तो कुणाला भेटत नव्हता. तुमच्या घरात हे होऊ नये म्हणून मी इतकं लांबलचक लिहितेय.

जर्मनीबद्दल जरा जास्त बोलते, कारण तुमच्या मुलाला तिथे खरी वाट आहे असं मला वाटतं. ती सरळ नाही, वळसा घालून जाते.

सरळ वाट अशी: जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम २१ खाली परदेशी माणसाला स्वतःच्या धंद्यासाठी परवाना मिळू शकतो. भांडवलाची ठरावीक किमान रक्कम आता कायद्यात नाही. पण या धंद्याची त्या भागाला गरज आहे किंवा त्यात आर्थिक हित आहे, त्याचा अर्थव्यवस्थेवर चांगला परिणाम होईल आणि पैशाची सोय पक्की आहे, हे दाखवावं लागतं. आराखडा तिथल्या व्यापार-उद्योग मंडळाकडे मतासाठी जातो. परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो. धंदा नीट चालला आणि त्यात घर भागत असेल तर तीन वर्षांनी कायम निवासासाठी अर्ज करता येतो. वाचायला सोपं वाटतं. पण ज्यानं जर्मनीत एक हिवाळा काढला नाही, भाषा येत नाही, गाळ्याचं भाडं माहीत नाही, त्याचा आराखडा त्या मंडळाला पटणं अवघड. आणि खरं सांगू का, त्यांचं काही चुकत नाही. उद्या म्युनिकचा एखादा मुलगा इतवारीत येऊन, मराठी-हिंदीचा गंध नसताना, ब्रेडचं दुकान टाकतो म्हणाला तर आपणही त्याला आधी चार महिने राहून बघ म्हणू.

वळशाची वाट शिक्षणातून जाते. तुमचा मुलगा फूड टेक्नॉलॉजीचा पदवीधर आहे. जर्मनीत या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण चांगलं आहे, श्टुटगार्टचं होहेनहाइम विद्यापीठ शेती आणि अन्नशास्त्रासाठीच ओळखलं जातं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात, आणि होहेनहाइम त्याच राज्यात येतं, हे लक्षात ठेवा. विद्यार्थी व्हिसासाठी भारतीय मुलांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याची पडताळणी, लागतं. राहण्या-खाण्याचे पैसे बंद खात्यात आधी ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे बारा लाखांच्या घरात. ती कुणाला द्यायची नसते. दरमहा ९९२ युरो त्याच्याच हातात येतात. तिशीच्या आत गेलं तर सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थ्यांचा स्वस्त हप्ता लागू होतो. तुमचा मुलगा पंचवीसचा आहे, तेव्हा घाई नाही, पण वेळही फार लोटू नये.

शिकता शिकता वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते. ती त्यानं एखाद्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात किंवा मसाल्याच्या आयातदाराकडे करावी. मॉलमध्ये फळ्यांवर माल मांडण्याच्या कामाला दोन पैसे जास्त मिळाले तरी नको. मात्र एक गोष्ट त्याला नीट समजावा. या १४० दिवसांत स्वतःचा धंदा येत नाही. वसतिगृहातून डबे विकायला सुरुवात करणारी मुलं मी ऐकली आहेत. चार मित्रांना जेवू घालणं वेगळं आणि पैसे घेऊन विकणं वेगळं. त्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची स्वतंत्र परवानगी लागते. तिच्याविना सुरू केलं तर पुढचा सगळा रस्ता अडू शकतो. ब्रिटनमध्ये तर विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाईच आहे.

पदवी हातात आली की जर्मनी काम शोधायला अठरा महिने देतं, आणि या काळात नोकरी किंवा स्वतःचं काम, दोन्ही करता येतं. त्याच कलम २१ मध्ये जर्मनीत शिकलेल्यांसाठी सूटही आहे. धंदा शिक्षणाशी जोडलेला असेल तर ती 'आर्थिक हित' वगैरेची कसोटी त्यांना लागत नाही. अन्नतंत्रज्ञान शिकलेल्या मुलाचा मसाल्याचा धंदा म्हणजे थेट जोडलेला. आज ज्या कार्यालयात त्याचा अर्ज कोपऱ्यात पडेल, तिथेच तीन-साडेतीन वर्षांनी त्याची बाजू किती भक्कम असेल, बघा.

आता त्या मसाल्याकडे येते. सावजी म्हटलं की आपल्याला झणका आठवतो. हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातून आलेलं ते वाटण, त्यात दगडफूल, जायपत्री, सुकं खोबरं आणि खसखस. या खसखशीवर मला दोन शब्द बोलायचेत. दुबईत, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत, खसखस हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारा माल आहे. सामानात सापडली तरी तुरुंगापर्यंत प्रकरण जातं. तुमच्या पत्रात दुबई शेवटी, 'नाहीतर' म्हणून आलीय. मसाला सोबत घेऊन तो तिथे उतरू नये, एवढं माझं ऐका. बाकी धंदा काढायला दुबई सोपी आहे. १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी मिळते, आणि कंपनी कर ३,७५,००० दिऱ्हमवरच्या नफ्यावर ९ टक्के आहे. पण तिथलं राहणं त्या परवान्याला बांधलेलं असतं. धंदा बंद झाला की सामान आवरावं लागतं.

युरोपात खसखस चालते, पण जुलै २०२२ पासून तिच्यातल्या अफूजन्य घटकांना मर्यादा आहे. २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड हे जंतुनाशक रसायन सापडलं आणि तेव्हापासून आपल्या मालावरची तपासणी कडक झाली. पाकिटावर तिथल्या भाषेत घटक लिहावे लागतात आणि युरोपीय नियमातले १४ ॲलर्जीकारक पदार्थ ठळक दाखवावे लागतात. तीळ, मोहरी, शेंगदाणा हे तिन्ही त्या चौदांत आहेत. जर्मनीत तर पाकिटाच्या वेष्टनाचीसुद्धा नोंदणी करावी लागते. हे वाचून तुम्हाला धसका बसेल. मला मात्र उलट वाटतं. बुटीबोरीत दोन वर्षं तुमचा मुलगा हेच तर करतोय: नमुने तपासणं, कीटकनाशकांचे अंश, ओलावा, बुरशीचं विष. चांगलं वाटण करणाऱ्या बायका नागपुरात घरोघरी आहेत. तेच वाटण युरोपच्या तपासणीतून पार करणारा माणूस सापडत नाही, आणि तो तुमच्या घरात आहे. त्याला ही नोकरी आताच सोडू देऊ नका. निर्यातीच्या मालाची कागदपत्रं ज्या टेबलावर होतात तिथे सहा महिने काम मागून घ्यायला सांगा.

संत्रा बर्फीचा नाद सोडायला सांगा, निदान सुरुवातीला. खव्याची असेल तर दुधाचा पदार्थ झाला आणि भारतातून युरोपात दुधाचे पदार्थ नेण्यावर बंदी आहे, प्रवासी म्हणून पिशवीतूनसुद्धा. तिथेच बनवायची म्हटली तर जर्मनीत बेकरी आणि मिठाईकाम हे 'माइस्टर' ही उस्ताद कारागिराची परीक्षा लागणाऱ्या कामांच्या यादीत येतात (विद्यापीठाची मास्टर्स पदवी वेगळी). साध्या खानावळीला ती अट नाही.

खानावळीचं गणितही एकदा त्याच्याकडून मांडून घ्या. जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. एक मदतनीस ठेवला तर महिन्याला किती होतात, हे त्यानं स्वतःच्या हातानं कागदावर लिहावं. स्वयंरोजगार करणाऱ्याला आरोग्य विम्याचा पूर्ण हप्ता स्वतः भरावा लागतो. धंद्याची नोंदणी स्वस्तात होते आणि लहान उलाढालीला व्हॅटमधून सूट आहे, आदल्या वर्षी २५,००० युरोपर्यंत. पण गाळ्याची अनामत, चिमणी आणि धूर काढायची सोय, यात भांडवल बुडतं. सावजीचा तिखट धूर शेजाऱ्यांना चालेल का, हा प्रश्न मला तरी मोठा वाटतो. म्हणून माझा कौल आधी मसाल्याच्या पाकिटांना आहे, खानावळीला नंतर.

पैसे बाहेर पाठवण्याचं थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत निवासी माणूस आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतो. गुंतवणुकीसाठी दहा लाखांच्या वर गेलात की २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशी कंपनीत भाग घ्यायचा तर पैसे पाठवण्याआधी बँकेत फॉर्म एफसी भरावा लागतो, २०२२ च्या नियमांप्रमाणे. आई, बाबा, मुलगा अशा तिघांच्या नावे पैसे वाटून एकाच्या धंद्यात घालू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका; तिघं त्या गुंतवणुकीत भागीदार असल्याशिवाय ते चालत नाही. आपल्या कामाला बँकेची परकीय चलन हाताळणारी शाखा लागते, कोपऱ्यावरच्या शाखेत विचारून भागत नाही.

आता घरातलं. ताई, तुमचे यजमान चिडले ते मुलाच्या स्वप्नावर नसावेत. आयुष्यभराची पुंजी एका व्हिडिओच्या भरवशावर मागितली गेली, हे त्यांना लागलं असेल. आणि मुलाला वाटतं, बाबांना माझ्यावर विश्वास नाही. दोघांना एकत्र बसवण्यासाठी पैशाचा आकडा आधी ठरवा. माझ्या मते प्लॉटला हात लावायचा नाही. एफडीतून जास्तीत जास्त पाच-सहा लाख, तेही शिक्षणासाठी. बाकीचं शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावावर, म्हणजे फेडायची जबाबदारीही त्याची. यजमानांनी हा आकडा स्वतःच्या तोंडानं मुलाला सांगावा. 'नाही' ऐकण्यापेक्षा 'इतके देतो' ऐकलं की तरुण मुलगा हिशेबाला बसतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

तुम्ही विचारलंत, अडवू की जाऊ देऊ. जाऊ द्या, पण या वर्षी नाही. हे वर्ष त्याला नागपुरातच कामाचं आहे. जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार बोलता येतील इतकी, रोज दीड तास. तिच्याशिवाय तिथल्या गाळामालकाशी आणि कर कार्यालयाशी बोलता येणार नाही. एफएसएसएआयची नोंदणी करून मसाल्याची शंभर पाकिटं घरून विकून बघावी. नातेवाइकांना मात्र विकायची नाहीत, ते दया म्हणून घेतात. पुण्या-मुंबईत, बंगळुरात राहणाऱ्या नागपूरकरांना पाठवावी आणि दुसऱ्यांदा किती जण मागवतात ते वहीत लिहावं. त्यातली दहा पाकिटं बाजूला ठेवून दर महिन्याला एक उघडावं, वास आणि रंग तपासावा. तपासणीचा खर्च, पाकिटाचा खर्च, परत आलेला माल, सगळं त्याच वहीत. पुढे आराखडा लिहायची वेळ येईल तेव्हा ही वही त्याला फार उपयोगी पडेल.

ही वही घेऊन दोघांनाही, बाबांना आणि मुलाला, दिवाळीनंतर माझ्याकडे घेऊन या. एकट्या येऊ नका. आणि येताना खसखस न घालता केलेल्या मसाल्याचा एक पुडा आणायला सांगा. खसखशीऐवजी काय घातलं आणि झणका कितपत उतरला, त्यावरच बोलायला सुरुवात करू.